सावलीतल्या खडकावरचा नेचा: आधी दांडा, मग पाठ, मग खडक

अमेरिकेच्या पूर्व भागात, व्हर्जिनियापासून व्हरमाँटपर्यंत, ॲपलेशियन डोंगररांगांत शनिवार-रविवारी भटकणारी मराठी माणसं आता भरपूर आहेत. त्यांच्याकडून एक फोटो हमखास येतो. ओलसर खडक, त्यावर शेवाळ, खडकाच्या फटीतून बाहेर आलेला वीतभर किंवा त्याहून छोटा हिरवा झुपका, आणि खाली प्रश्न: "हा कुठला फर्न?" फोटो बहुतेक वेळा सुंदर असतो आणि ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. तो वरून काढलेला असतो. नेच्याची ओळख पटवणाऱ्या बहुतेक गोष्टी पानाच्या खाली, पानाच्या दांड्यात आणि ज्या दगडावर तो उगवलाय त्या दगडात असतात. पानाचा आकार सगळ्यात शेवटी बघायचा. मोबाइलमधली ॲपं नेच्यांच्या बाबतीत सारखी घसरतात, त्याचंही मोठं कारण हेच आहे. त्यांना मिळतो तो फक्त आकार.

या फोटोंत सगळ्यात जास्त वेळा दिसणारा उमेदवार म्हणजे मेडनहेअर स्प्लीनवर्ट. शास्त्रीय नाव ॲस्प्लेनियम ट्रायकोमेनीस. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1753 सालीच त्याची नोंद केली होती. तो युरोपात आहे, उत्तर अमेरिकेत आहे, आपल्या हिमालयातही आहे. त्यामुळे इथे उदाहरण म्हणून तोच घेऊ, आणि त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे एकेक करून बाजूला काढू.

फुलझाडं ओळखताना आपण पाकळ्या मोजतो, फळ बघतो. नेच्याला फूलही नाही आणि बीही नाही. त्याची पुढची पिढी बीजाणूंपासून होते आणि हे बीजाणू पानाच्या पाठीवर तयार होतात. पान उलटं केलं की तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात. कुंडीतल्या नेच्यावर असे ठिपके दिसले की कीड पडली म्हणून औषध फवारणारे लोक आहेत. काहीजण तर ते नखाने खरवडून काढतात. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. ते गोल आहेत की लांबट, पानाच्या कडेला आहेत की मधल्या शिरेजवळ, उघडे आहेत की पापुद्र्याखाली झाकलेले, यावरून नेच्याचं कूळ ठरतं. पानाचा आकार दोन वेगळ्या कुळांत हुबेहूब सारखा असू शकतो. पाठीवरची मांडणी इतक्या सहजी फसवत नाही.

ॲस्प्लेनियम गटातल्या, म्हणजे स्प्लीनवर्ट नेच्यांच्या, पाठीवर पुंजके लांबट असतात, शिरांच्या कडेने तिरपे बसलेले, जणू कोणी जिऱ्याचे दाणे चिकटवून ठेवलेत. प्रत्येक पुंजक्यावर एका बाजूने जोडलेला पांढुरका, पातळ पापुद्रा असतो. बीजाणू पिकले की तो मागे सरकतो आणि खालचा तपकिरी रंग उघडा पडतो. कोवळ्या पानावर फक्त पांढुरक्या रेघा दिसतात, जुन्या पानावर रेघा एकमेकींत मिसळून सगळी पाठच तपकिरी होते. म्हणून एकच पान उलटून थांबू नये. दोन-तीन वयांची पानं बघितली की मूळ मांडणी कळते. दहा रुपयांच्या नाण्याएवढं साधं भिंग असलं तरी काम होतं.

पण पान उलटण्याच्याही आधी एक चाळणी लावता येते, आणि ती फुकट आहे. हिवाळा. ॲपलेशियनमधल्या रानात मे महिन्यात खडकांवर डझनभर प्रकारचे छोटे नेचे दिसतात. त्यातले वूडसिया आणि सिस्टॉप्टेरिस, म्हणजे दिसायला नाजूक, मऊ पानांचे नेचे, थंडी पडली की वाळून जातात. फेब्रुवारीत त्याच खडकापाशी गेलात तर जे हिरवं उरलंय ते मोजकं असतं. पानझडी झाडांची पानं गळलेली असल्यामुळे ऊन थेट खाली पोचतं आणि सदाहरित नेचे या काळातही, थंडी जरा कमी असलेल्या दिवशी, अन्न तयार करू शकतात. माझं मत विचाराल तर खडकावरचे नेचे शिकायला सुरुवात हिवाळ्यातच करावी. यादी निम्म्याहून छोटी होते. उन्हाळ्यात सुरुवात करणारे पहिल्याच दिवशी कंटाळतात.

आता दांडा. पानाच्या मधोमध जो कणा जातो, ज्याच्या दोन्ही बाजूंना छोटी दलं लागलेली असतात, तो नीट बघायचा. मेडनहेअर स्प्लीनवर्टचा दांडा तळापासून टोकापर्यंत गडद असतो: लालसर तपकिरी ते काळा, चकचकीत, तारेसारखा कडक. भिंगातून बघितलं तर त्याच्या कडेने दोन अगदी अरुंद, तपकिरी पाती गेलेली दिसतात. पान साधारण 5 ते 20 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद. दलं अंडाकृती, काही मिलिमीटरची, कडा किंचित दातेरी, बहुधा समोरासमोर लागलेली. सगळी पानं एकाच जागेतून झुपक्याने निघतात.

आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यात खात्रीची वाटते. या नेच्याची दलं जुनी झाली की एकेक करून गळतात, पण दांडा गळत नाही. त्यामुळे हिरव्या झुपक्याच्या बुडाशी काळ्या, उघड्या काड्यांचा गुंता साठलेला असतो, मागच्या काही वर्षांचा. फोटो काढताना लोक नेमका हाच "कचरा" बाजूला सारतात.

दांडा गडद आहे एवढ्यावर मात्र निकाल देता येत नाही, कारण त्याच रानात एबनी स्प्लीनवर्टही वाढतो, ॲस्प्लेनियम प्लॅटिन्यूरॉन. त्याचाही दांडा गडद तपकिरी आणि चकचकीत. फरक दोन ठिकाणी दिसतो. पहिला म्हणजे त्याची पानं दोन प्रकारची असतात: बीजाणू देणारी पानं सरळ उभी, चाळीस सेंटिमीटरपर्यंतही जाणारी, आणि वांझ पानं छोटी, जमिनीलगत पसरलेली. हिवाळ्यात उभी पानं बहुतेक मोडून जातात आणि खालची छोटी पानं हिरवी राहतात. नेमकी त्याच वेळी ती मेडनहेअर स्प्लीनवर्टसारखी दिसतात, म्हणजे हिवाळ्याची चाळणी इथे थोडी उलटते. तेव्हा दुसरा फरक कामाला येतो. एबनी स्प्लीनवर्टच्या प्रत्येक दलाला बुडाशी, वरच्या बाजूला, कानाच्या पाळीसारखा एक छोटा फुगवटा असतो आणि दलं समोरासमोर न लागता आडवी-तिडवी, एक इकडे एक तिकडे अशी लागतात. शिवाय हा नेचा खडकाबाबत हट्टी नाही. मातीवर, रस्त्याच्या कडेला, जुन्या शेताच्या बांधावरही तो उगवतो.

दक्षिणेकडे, चुनखडीच्या कड्यांवर, ब्लॅकस्टेम स्प्लीनवर्ट भेटतो. दांडा पार काळा, दलं समोरासमोर, पण दलांना कान आहेत. याची एक गंमत अशी की त्याच्या जीवनचक्रात नर-मादी पेशींच्या मिलनाचा टप्पाच गळालाय. बीजाणूपासून थेट नवं झाड उभं राहतं.

उत्तरेकडे, व्हरमाँट-मेनच्या थंड कड्यांवर किंवा आल्प्समध्ये फिरत असाल, तर ग्रीन स्प्लीनवर्टचा विचार करायलाच हवा. आकार, दलं, झुपका सगळं मेडनहेअर स्प्लीनवर्टसारखं. फक्त दांडा बुडाशी तपकिरी असतो आणि वर हिरवा होत जातो. मोबाइलच्या फोटोत सावलीमुळे हिरवा दांडाही काळा दिसतो, म्हणून ही गोष्ट जागेवरच, डोळ्यांनी बघून घ्यावी.

चौथा दावेदार वेगळ्याच घराण्यातला आहे: रॉक पॉलिपोडी. मोठमोठ्या शिळांच्या माथ्यावर तो चटईसारखा पसरतो, कारण त्याचं खोड शेवाळाखालून सरपटत जातं आणि मधूनमधून एकेक पान वर सोडतं. म्हणजे झुपका नाही, हे लांबूनच कळतं. पान चिवट, कातडीसारखं. दलं दांड्यापर्यंत पूर्ण तुटलेली नसतात, खाली एकमेकांना जोडलेली राहतात. दांडा हिरवा. पान उलटलं की पुंजके मोठे, गोल आणि पूर्ण उघडे; पापुद्रा नाहीच. एवढं बघितल्यावर ॲस्प्लेनियमशी गल्लत होण्याचं कारण उरत नाही. कडाक्याच्या थंडीत किंवा फार कोरड्या दिवसांत ही पानं आत वळून आक्रसतात, मग पाऊस पडला की उलगडतात. अशी आक्रसलेली पानं बघून झाड मेलं असं समजू नका.

पण रॉक पॉलिपोडीसारखं दिसणारं सगळं एकाच जातीचं नसतं. 1991 मध्ये हॉफलर आणि विंडहॅम या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की ज्याला सगळे एकच जात समजत होते त्यात दोन जाती दडल्या होत्या. ॲपलेशियन पॉलिपोडी ही वेगळी जात; आणि जिला आपण रॉक पॉलिपोडी म्हणतो ती या ॲपलेशियन जातीच्या आणि उत्तरेकडच्या एका जातीच्या जुन्या संकरातून आलेली. ॲपलेशियन जातीचं पान बुडाशी सगळ्यात रुंद आणि टोकाकडे निमुळतं होत जातं, रॉक पॉलिपोडीच्या कडा बऱ्याचशा समांतर असतात. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्ष शिळेसमोर उभं राहिल्यावर मधलीच पानं जास्त दिसतात, आणि तिथे "पॉलिपोडियम" एवढंच लिहून पुढे जाणं मला शहाणपणाचं वाटतं.

आता दगड. नेच्यांच्या बाबतीत दगड हा पत्त्यासारखा नुसता लिहून ठेवायचा तपशील नाही, तो ओळखीचा भाग आहे. काही जाती चुनखडीवरच वाढतात, काही ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मासारख्या आम्लधर्मी खडकावरच. वॉकिंग फर्न, ज्याच्या लांबट पानाचं टोक खडकाला टेकलं की तिथे मूळ धरून नवं रोप तयार होतं, तो बहुतेक वेळा शेवाळलेल्या चुनखडीवर सापडतो. माउंटन स्प्लीनवर्ट बरोबर उलटा, त्याला चुना सहन होत नाही. दगड कुठला हे कळत नसेल तर खिशात व्हिनेगरची छोटी बाटली ठेवा. नेच्यापासून लांब, दगडाचा सुटा तुकडा घेऊन, त्यावर ताजा ओरखडा काढून दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. बुडबुडे आले नाहीत म्हणून चुना नाहीच असं मात्र नाही, कारण डोलोमाइट हा चुनखडीसारखाच खडक व्हिनेगरला फारशी दाद देत नाही.

मेडनहेअर स्प्लीनवर्ट मात्र दोन्ही दगडांवर सापडतो, आणि याचं उत्तर त्याच्या पेशींत आहे. या एका नावाखाली उपजाती आहेत. एकीत गुणसूत्रं 72, ती चुना नसलेल्या खडकांवर राहते. दुसरीत बरोबर दुप्पट, 144, आणि ती चुनखडीवर राहते. युरोपात, विशेषतः ब्रिटनमध्ये, जुन्या चर्चच्या, पुलांच्या, बागांच्या भिंतींवर हा नेचा सहज दिसतो, तो बहुधा हा दुसरा. विटा-दगडांमधला जुना चुना त्याला चुनखडीच्या कड्याइतकाच चालतो. लंडन-मँचेस्टरकडे राहणाऱ्यांना त्यामुळे डोंगरावर जायचीही गरज नाही. जुन्या भिंतीची उत्तरेकडची, सावलीतली बाजू बघितली तरी पुरे. दोन उपजाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करणं अवघड. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजले तर पहिलीचे साधारण 30 मायक्रोमीटरचे, दुसरीचे 40च्या आसपास भरतात. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशीही मोठी होते, त्याचा हा परिणाम.

गुणसूत्रं दुप्पट होणं ही नेच्यांमध्ये अपवादाची गोष्ट नाही, आणि हे समजलं की खडकावरचे काही नेचे "अर्धे इकडचे अर्धे तिकडचे" का दिसतात ते कळतं. दोन जातींचा संकर झाला की मुलाला दोघांकडून गुणसूत्रांचा एकेक संच मिळतो. पण बीजाणू बनताना गुणसूत्रांनी जोड्या लावायच्या असतात आणि इथे कोणालाच जोडीदार सापडत नाही. त्यामुळे असा संकरित नेचा वाढतो, हिरवा राहतो, पण त्याचे बीजाणू वेडेवाकडे, पोकळ निघतात. कधीतरी पेशीत सगळ्याच गुणसूत्रांची दुप्पट होते. मग प्रत्येकाला आपली जोडी मिळते आणि तो संकर अचानक स्वतःच्या बळावर प्रजा वाढवायला लागतो. नवी जात तयार.

ॲपलेशियनमध्ये हा खेळ तीन जातींमध्ये झालाय: माउंटन स्प्लीनवर्ट, एबनी स्प्लीनवर्ट आणि वॉकिंग फर्न. या तिघांच्या आपापसांतल्या संकरांचं जाळं वनस्पतिशास्त्रज्ञ वॉरेन वॅग्नर यांनी 1954 मध्ये उलगडून दाखवलं. माउंटन आणि एबनीपासून ब्रॅडलीज स्प्लीनवर्ट आला, माउंटन आणि वॉकिंग फर्नपासून लोब्ड स्प्लीनवर्ट. हे दोन्ही दुप्पट होऊन स्थिरावलेत. एबनी आणि वॉकिंग फर्नचा संकर म्हणजे स्कॉट्स स्प्लीनवर्ट: खाली दलं तुटलेली, वर शेपटीसारखं लांब टोक, पान असं की कोणी कात्री अर्धवट चालवून सोडून दिली असावी. हा संकरच आहे हे मार्गारेट स्लॉसन यांनी 1902 मध्ये दोन्ही जातींपासून तो स्वतः घडवून सिद्ध केलं होतं. बहुतेक ठिकाणी तो वांझ आहे. अलाबामातल्या हवाना ग्लेन या एका घळीत मात्र तो दुप्पट होऊन प्रजननक्षम झाला, आणि 2007 मध्ये त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं. तेव्हा चुनखडीच्या कड्यावर एबनी आणि वॉकिंग फर्न शेजारी दिसले, की त्यांच्या मध्ये काय उगवलंय ते जरूर बघा. पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी न जुळणारा नेचा सापडला तर तो नवा शोध असण्यापेक्षा असा एखादा संकर असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हे सगळे खडकावरच का, सावलीतच का? जमिनीवर गवत, झुडपं, पडलेल्या पानांचा थर यांच्या खाली एवढासा नेचा गाडला जातो. उभ्या खडकावर पाचोळा थांबत नाही, मोठ्या झाडांना मूळ रोवायला माती नाही, म्हणजे जागेसाठी भांडण कमी. सावलीचा संबंध पाण्याशी आहे. बीजाणू रुजला की त्यातून नेचा थेट उगवत नाही. आधी नखापेक्षा लहान, पातळ, हृदयाच्या आकाराचा हिरवा तुकडा तयार होतो. त्याच्यावर नर आणि मादी पेशी बनतात आणि नर पेशीला पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जावं लागतं. तेवढा ओलावा काही आठवडे टिकेल अशी जागा म्हणजे शेवाळलेली, उन्हापासून लपलेली फट. मोठा झालेला नेचा त्याहून बरंच कोरडेपण सोसतो, पण त्याचा पत्ता त्या बाळपणाने आधीच ठरवलेला असतो.

सह्याद्रीत हीच पद्धत वापरता येते, फक्त खेळाडू वेगळे. किल्ल्यांच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात दिसणारा हंसराज घ्या. त्याचाही दांडा काळा आणि चकचकीत, त्यामुळे नुसता दांडा बघून निकाल देणारा इथे हमखास चुकेल. पान उलटा: पुंजके शिरांवर नसून पानाच्या कडेलाच असतात आणि कडच दुमडून त्यांना झाकते. ॲस्प्लेनियम बाद. पानाची पाठ पिठासारखी पांढरी असेल, हातावर दाबल्यावर पानाचा पांढरा छाप उमटत असेल, तर तो चांदीचा नेचा म्हणतात त्या गटातला. जुन्या तटबंदीच्या भेगांमध्ये छोट्या पंख्यासारखी पानं दिसली तर मोरशिखा. आपल्याकडे सदाहरित ही चाळणी मात्र हिवाळ्याला नाही, मार्च-एप्रिलला लावायची. आपल्याकडच्या नेच्यांची परीक्षा थंडी घेत नाही, पाण्याचा दुष्काळ घेतो.

मेडनहेअर स्प्लीनवर्ट भारतात बघायचा तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड. त्याच पश्चिम हिमालयात ॲस्प्लेनियम डलहौसी नावाचा एक भाऊबंद आहे, ज्याची पानं नागमोडी खाचांची आणि गोलाकार झुपक्यात जमिनीवर पसरलेली असतात. हाच नेचा हजारो मैल लांब, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या काही डोंगरांतही सापडतो. धुळीइतका हलका बीजाणू वाऱ्यावर किती लांब जाऊ शकतो आणि एकटा बीजाणूसुद्धा कधीकधी नवी वसाहत उभी करू शकतो, हे लक्षात घेतलं तर अशी अंतरं फार अचंबित करत नाहीत. मात्र या कारणामुळेच "हा नेचा या भागात नाही, म्हणजे हा तो नाहीच" असा निकाल देताना हात आखडता घ्यावा.

तर फोटो पाठवायचा असेल तर असा पाठवा. एक पूर्ण झुपक्याचा, ज्यात बुडाशी साठलेल्या जुन्या काड्याही येतील. एक पानाच्या पाठीचा, शक्य तितका जवळून. पान तोडायची गरज नाही, हलकेच उलटं धरलं तरी चालतं. एक दांड्याचा, बुडापासून टोकापर्यंत, उजेडात. एक दगडाचा, आणि कुठल्यातरी फोटोत नाणं किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. महिना लिहा. पाठीवर पुंजके नसतील तर तेही लिहा, कारण ते मोठ्या नेच्याचं पिल्लू असू शकतं: ख्रिसमस फर्नसारखे मोठे सदाहरित नेचेही लहानपणी खडकाच्या फटीत असेच दिसतात, आणि अशा पिल्लाला नाव देण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी परत बघा.

झाड उपटून मात्र आणू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तसं करायला बंदीच आहे, आणि अमेरिकन हार्ट्स-टंग फर्नसारखे काही नेचे इतके मोजके उरलेत की 1989 पासून त्यांना कायद्याने संरक्षण आहे. बंदी नसली तरी कुंडीत हे नेचे फार काळ जगत नाहीत. ज्या फटीतला ओलावा, चुना आणि सावली मिळून ते वाढले, ती फट आपल्या बाल्कनीत नसते.